टोके लागलेले गहू आणि किडलेले बेसन: चाळून घेतले की पुरे का?

महालकर
नमस्कार. आम्ही नागपुरात महाल भागातील जुन्या घरात राहतो आणि दर उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतो. मे महिन्यात गच्चीवर कडक ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत ठेवलेल्या गव्हात यंदा पोळ्याच्या सुमारास टोके दिसू लागले. बेसनाच्या डब्यात तर विटकरी रंगाचे बारीक किडे झाले असून पिठाला उग्र वास येतो. सासूबाईंच्या मते गव्हाला पुन्हा ऊन द्यावे, बेसन चाळून घ्यावे आणि दोन्ही वापरावे. दुकानदाराने कोठीत ठेवण्यासाठी एक गोळी सुचवली आहे. घरात दम्याचा त्रास असलेला मुलगा आहे, म्हणून विचारते: नेमके काय ठेवावे आणि काय टाकावे?

धान्यपारखी
ताई, गहू आणि बेसन यांचा निर्णय वेगवेगळा घ्यावा लागेल.

टोक्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि ते भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोषात जाते आणि उबदार हवेत साधारण महिनाभराने टोका होऊन बाहेर पडते. त्यामुळे पाखडून जातात ते केवळ बाहेर आलेले टोके. वरून धड दिसणाऱ्या दाण्यांतील अळ्या आणि त्यांची विष्ठा गव्हाबरोबर चक्कीत दळली जाते. या विष्ठेत युरिक आम्ल असते, आणि धान्य किती किडले आहे हे त्यावरून ठरवता येते. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. घरी हे मोजता येणार नाही, पण मूठभर गहू पाण्यात टाकून पाहता येतील. पोकळ दाणे वर तरंगतात. तुरळक तरंगले तर सगळे गहू धुऊन, तरंगणारे दाणे काढून, खडखडीत वाळवून लवकर दळून संपवावेत. बरेच तरंगले तर ते गहू घरात ठेवू नयेत.

बेसन मात्र सरळ टाकून द्या. त्यातील पोरकिडे आपल्या अंगातून क्विनोन नावाची उग्र द्रव्ये सोडतात; आपल्याला येणारा वास त्यांचाच आहे. चाळणीने किडे निघतील, परंतु पिठात मुरलेली ही द्रव्ये आणि पिठाइतकाच बारीक झालेला कातींचा चुरा निघणार नाही. असे पीठ चाळताना उडणारी धूळ दम्याच्या रुग्णासाठी विशेष वाईट, तेव्हा ते काम मुलाजवळ तर मुळीच करू नये.

इतवारीकर
वरील उत्तराशी सहमत आहे. सासूबाईंच्या उन्हाबद्दल थोडे लिहितो, कारण त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. नागपूरच्या मे महिन्यातील ऊन धान्यासाठी उत्तम असते; पातळ पसरलेल्या दाण्याचे तापमान पन्नास अंशांच्या वर जाऊन काही तास टिकले, तर आतील अळीही मरते. पावसाळ्यानंतरच्या उन्हात मात्र टोके सावलीकडे पळतात, आतील अळ्या वाचतात आणि धान्य निर्धोक झाल्याचा समज तेवढा होतो. शिवाय मे महिन्यात वाळवलेले धान्य जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुन्हा ओलावा ओढते, म्हणून कोठीचे झाकण घट्ट नसेल तर उन्हाळ्यातील सारी मेहनत वाया जाते. ऊन दिलेले धान्य निवल्यावरच भरावे, नाहीतर झाकणाच्या आतून पाणी सुटते. कडुनिंबाच्या पाल्याचा थोडाफार उपयोग होतो, पण एकदा कीड लागल्यावर त्याच्यावर विसंबू नये.

सावध
त्या गोळीविषयी स्पष्टच लिहितो. धान्यासाठी सुचवली जाणारी गोळी बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि तो फटींतून शेजारच्या खोलीतही पोहोचतो. या विषावर उतारा नाही. हवाबंद गोदामात, प्रशिक्षित माणसांच्या हातूनच तिचा वापर व्हायला हवा. आपण ज्या खोलीत झोपतो तेथील कोठीत ती ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुकानदार ती सहज हातावर ठेवतात, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.

महालकर
सर्वांचे आभार. गोळी आणणार नाही आणि बेसन आजच टाकते. आमच्याकडे अख्ख्या मुगाला आणि हरभऱ्याला एरंडेल चोळून ठेवतात. तसे पुढील वर्षी गव्हालाही चोळावे का?

धान्यपारखी
कडधान्याला जरूर चोळावे, किलोला चमचाभर पुरते. भुंगेरा आपली अंडी कडधान्याच्या सालीवर चिकटवतो (मुगावर दिसणारे पांढरे ठिपके तेच) आणि तेलाच्या थरामुळे ती गुदमरतात. टोक्याचे अंडे दाण्याच्या आत बुजवलेले असल्याने गव्हाला त्याचा तितका लाभ होत नाही. गव्हासाठी कोठीच अधिक महत्त्वाची आहे: ती रिकामी करून सांध्यांमधील जुने पीठ कोरड्या ब्रशने खरवडून काढावे, उन्हात चांगली तापवावी, आणि जुन्या गव्हाचा उरलेला तळ नव्या गव्हात कधीही मिसळू नये. बेसन, रवा आणि मैदा पावसाळ्यात महिन्याला लागेल तेवढाच आणावा. जागा असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा.