मदत हवी आहे: इंटेलच्या लॅपटॉपवर एएमडी६४ पॅकेज टाकू का?

मंडळी, लिनक्समध्ये अगदी नवखा आहे, हसू नका. घरचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नव्हता आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं आणि साहेब गेले पुण्याला. बाकी सगळं झकास, घोडं अडलंय प्रिंटरपाशी. बायको कोपरीत घरीच शिकवण्या घेते, पोरांच्या प्रश्नपत्रिकांसाठी रोज मला ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पळवते. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हरच्या पाच फायली आहेत, डेब, आरपीएम, त्यात परत आय३८६, एएमडी६४, एआरएम६४. माझा प्रोसेसर इंटेलचा आय३, तेव्हा 'आय' बघून मी आय३८६ वाली डेब उचलली, तर डिपेंडन्सी (म्हणजे तिला लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं) मिळत नाहीत म्हणून अडून बसली. एएमडी६४ टाकली तर काही बिघडेल का?

टर्मिनल तात्या:
अहो, एएमडी६४ च तुमची! ६४ बिटचं हे डिझाइन आधी एएमडीने आणलं, मग इंटेलनेही तेच उचललं, तुमच्या मिंटचं मूळ असलेल्या डेबियन लिनक्सवाल्यांनी नाव तसंच ठेवलं. आय३८६ म्हणजे जुनं ३२ बिट, मूळ ३८६ चिप १९८५ ची. एआरएम रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटर वगैरेसाठी. मिंटला डेब फाइल लागते; आरपीएम फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचं, तिकडे बघूच नका. खात्री हवी तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'युनेम -एम' द्या, इंग्रजी स्मॉल अक्षरांत बरं का, एक्स८६_६४ आलं की विषय संपला.

ऐरोलीकर:
थांबा हो, घाई नको. अलीकडचे बरेच प्रिंटर मिंटवर ड्रायव्हरशिवायच चालतात, माझा चालला, पण ते कळायच्या आधी दोन संध्याकाळी ड्रायव्हर शोधण्यात घातल्या ना मी! आधी वायर लावून प्रिंटर्समध्ये दिसतो का बघा. नाहीच जमलं तर डेब टाका, पण 'डीपीकेजी -आय' ने नको, ते डिपेंडन्सी स्वतः आणत नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि पुढे डॉट, स्लॅश, लगेच फाइलचं नाव. डॉट-स्लॅश विसरलात तर ते तुमची फाइल सोडून रेपोमध्ये, म्हणजे मिंटच्या ऑनलाइन साठ्यात, शोधत बसतं.

धागाकर्ता:
तात्या, एक्स८६_६४ च आलं. ऐरोलीकर, वायर लावल्यावर यादीत नाव दिसलं पण पान काही निघेना, शेवटी तुम्ही सांगितलं तसं एएमडी६४ टाकलं आणि निघालं! टेस्ट पेज बाहेर पडतंय तोच बायकोने सहावीच्या अपूर्णांकांच्या दहा प्रती काढून घेतल्या. आता स्कॅनर राहिलाय, त्याची वेगळी फाइल आहे, ती पण एएमडी६४ च ना?