बाबांच्या कॅसेट आणि साऊंड कार्ड

प्रेषक: सांस्कृतिक चिटणीस, स्लाऊ
विषय: कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत, साऊंड कार्ड कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आईकडचं माळ्यावरचं सामान खाली काढलं. त्यात बाबांनी इथल्या, इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांच्या भरलेल्या ४१ कॅसेट निघाल्या. बहुतेक सी-९० (नव्वद मिनिटांच्या), थोड्या सी-६०. गणेशोत्सव, कोजागिरी, दोन एकांकिका आणि कितीतरी घरगुती मैफली. प्रत्येक खोक्यावर निळ्या बॉलपेनने तारीख आणि खाली एखादी ओळ: "पेटी माईकच्या फार जवळ", "आरती अर्धीच, टेप संपली".

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. हे सगळं खराब व्हायच्या आत संगणकावर घेऊन मंडळाकडे ठेवायचं आहे. चॅरिटी शॉपमधून वीस पौंडांना एक कॅसेट डेक मिळाला, नीट चालतो. पण त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात घातली, तर आवाज फाटलेला येतो, आणि तोही डावा-उजवा असा दोन नव्हे, एकच चॅनल. घरी बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. त्यात त्यांनी स्वतः बसवलेलं साऊंड कार्ड, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारा भाग, आहे, पण विंडोज १० घातल्यापासून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसतो आणि 'कोड १०', म्हणजे ते सुरूच होत नाही. दोन दिवस त्याचे ड्रायव्हर (कार्डाची विंडोजशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) शोधले. एका साइटवरून काहीतरी उतरवलं आणि भलतंच सॉफ्टवेअर मशीनमध्ये शिरलं. ते काढण्यात अख्खा रविवार गेला.

नवीन घ्यायचं तर पंधरा पौंडांपासून तीनशेपर्यंत सगळं दिसतं. कोणी सांगेल का?

---

प्रेषक: हॅरोहून

ताई, माझ्या मुलाने गेमिंगसाठी घेतलेलं ७.१ चं कार्ड पडून आहे. त्या वेळी चांगलंच महाग होतं. शनिवारी मराठी शाळेत घेऊन येतो, पैसे नकोत.

---

प्रेषक: रेडिंगचे काका

अगं, थांब जरा. आणि हॅरोकर, राग मानू नका, तुमची भावना समजली. पण ७.१ म्हणजे आवाज बाहेर किती स्पीकरना जाणार त्याचा आकडा. आपल्याला आवाज *आत* घ्यायचाय. शिवाय ते कार्ड डेस्कटॉपच्या आत बसणारं, त्याला पुन्हा कंपनीचा ड्रायव्हर आलाच.

आधी तुझ्या फाटलेल्या आवाजाचं. लॅपटॉपवरचं ते भोक हेडसेटसाठी असतं. त्यातली माईकची बाजू एकाच चॅनलची, आणि काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी केलेली. डेक देतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. म्हणून आवाज फाटतो. तुझी वायरही ठीक आहे आणि कॅसेटही ठीक आहे. डेकच्या मागे लाल-पांढऱ्या दोन आरसीए जॅकवर 'लाईन आऊट' लिहिलेलं असेल, तिथून घे. हेडफोनच्या भोकातून नको.

आता कार्ड. माझं ठाम मत आहे, आणि ते मी मोठी किंमत मोजून कमावलंय: ज्याला कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही असं घे.

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी गावी एका सी-६० वर भरल्या होत्या. त्या उतरवायच्या म्हणून बारा वर्षांपूर्वी मी संगणकाला बाहेरून जोडायच्या साऊंड कार्डाचा एक भारी डबा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आवाज खरंच सुरेख होता. अर्धी बाजू उतरवली, मग कामात राहून गेलं. मधे विंडोज बदललं आणि कंपनीने त्या मॉडेलचे ड्रायव्हर काढणं बंद केलं. डबा धडधाकट, दिवा लागतो, पण संगणक त्याला ओळखत नाही. चार महिने पत्रव्यवहार केला, प्रत्येक वेळी तेच उत्तर: नवीन मॉडेल घ्या. या सगळ्यात वर्ष गेलं. पुन्हा कॅसेट काढली तर आतली दाबपट्टी, म्हणजे हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) टेप दाबून धरणारा तो स्पंजाचा इवलासा तुकडा, गळून पडला होता. ती टेप उचलून स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवताना माझे हात थरथरत होते. वाचली. पण तुला ती वेळ यायला नको.

असं का होतं ते सांगतो. ९२ साली साऊंड ब्लास्टर १६ हे कार्ड आलं तेव्हा आम्ही हाताने पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असे कार्डाच्या जोडणीचे आकडे फाइलमध्ये लिहायचो. आयआरक्यू ७ दिला की बऱ्याचदा प्रिंटरशी भांडण. ते त्रासाचं होतं, पण सगळं आपल्या हातात होतं. पुढे आकडे गेले आणि सगळी भिस्त ड्रायव्हरवर आली. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं, त्यात मायक्रोसॉफ्टने आवाजाची आतली सगळी व्यवस्था बदलली आणि चांगली चांगली कार्डं एका रात्रीत लंगडी झाली. तुझ्या बाबांचं कार्डही याच ओढाताणीत सापडलंय. त्याने काही बिघडवलेलं नाही, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नाही.

यूएसबीमध्ये मात्र १९९८ पासून 'ऑडिओ क्लास' नावाचं एक सामाईक ठरलेलं बोलणं आहे. ते बोलणारा डबा लावला की विंडोज, मॅक, लिनक्स सगळे आपणहून ओळखतात. त्याची दुसरी आवृत्ती बरीच आधी आली, पण विंडोजने तिच्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला २०१७ मध्ये. मधल्या काळात प्रत्येक कंपनीने आपापला ड्रायव्हर केला, आणि तेच ड्रायव्हर आता एकेक करून मरताहेत. खरेदी करताना 'क्लास कम्प्लायंट' हे दोन शब्द शोध.

तुझ्या कामाला बेहरिंगरचा यूसीए-२०२ पुरेल. काडेपेटीहून मोठा, आरसीए आत, आरसीए बाहेर, शिवाय हेडफोनचं भोक. तो १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच (आवाज किती बारकाईने मोजतो त्याचे हे आकडे) जातो म्हणून लोक नाक मुरडतात. पण कॅसेटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतरच मुळी ५०-६० डेसिबलचं, आणि १६ बिटांत ९६ मावतात. १९२ किलोहर्ट्झच्या कार्डाला दोनशे पौंड घालवून तुला टेपची सरसर जास्त स्पष्ट ऐकू येईल, एवढंच. पुढे गाणं थेट रेकॉर्ड करायचं असेल, माईक लावायचे असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं प्रीअँप आणि काही माईकना लागणारे ४८ व्होल्ट देणारा डबा लागेल, तेव्हा विचार.

वाचलेले पैसे डेकवर घाल. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात एरंडेल असतं, हेडवर थर बसतो. आणि कॅसेट लावायच्या आधी वरच्या कडेच्या त्या दोन प्लास्टिकच्या कपच्या मोडून टाक, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. हे आजच कर.

---

प्रेषक: मिल्टन कीन्सहून

काकांचं सगळं बरोबर. एकच जोडतो. बाबांचं ते जुनं कार्ड फेकू नका. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घालून त्या डेस्कटॉपवर चालवून बघा. लिनक्समध्ये आवाजाचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात, कंपनीवर अवलंबून नसतात, म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कितीतरी पीसीआय (डेस्कटॉपच्या आत बसणारी) कार्डं तिथे अजून चालतात.

---

प्रेषक: सांस्कृतिक चिटणीस, स्लाऊ

काका, यूसीए-२०२ आला. लावल्याबरोबर विंडोजने ओळखला, 'यूएसबी ऑडिओ कोडेक' असं नाव दिसलं, मला अगदी हायसं वाटलं. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडून रेकॉर्ड दाबलं. पट्टी पुढे सरकते पण रेघ सरळच्या सरळ. डब्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येतंय, संगणकात काही नाही. तीन वायरी बदलल्या. डबाच खराब आला का?

---

प्रेषक: रेडिंगचे काका

डबा परत पाठवू नकोस! विंडोजला वाटतंय की हा माईक आहे. त्यामुळे माईकच्या परवानगीचं कुलूप त्यालाही लागतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन इथे जा आणि अगदी खाली 'डेस्कटॉप अ‍ॅप्सना माईक वापरू द्या' ते चालू कर.

रेघ हलायला लागली की लगेच रेकॉर्डिंग सुरू करू नकोस. माईक समजल्यामुळे तो एकच चॅनलही धरत असेल. साऊंडच्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये रेकॉर्डिंग, मग त्या कोडेकच्या प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे '२ चॅनल, १६ बिट, ४४१०० हर्ट्झ' निवड. आणि 'एन्हान्समेंट्स' (आवाज आपोआप 'सुधारणाऱ्या' सोयी) नावाचं जे जे दिसेल ते बंद. ऑडॅसिटीतही दोन चॅनल कर. सगळ्यांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे.

डबा थेट लॅपटॉपला लाव, हबमधून नको. टक् टक् आवाज आले तर वाय-फाय बंद करून बघ. त्याचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून धरतो आणि आवाजाचा तुकडा पडतो.

---

प्रेषक: गाण्याच्या क्लासच्या बाई, वॉटफर्ड

काकांनी 'एन्हान्समेंट्स बंद' लिहिलंय ते कृपया सगळ्यांनी मनावर घ्या. गोंगाट कमी करणारी ही सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा असं धरून चालतात. आपला तानपुरा एकसारखाच वाजतो! ऑनलाइन क्लासमध्ये मी षड्ज लावते आणि पाच-दहा सेकंदांत पलीकडच्या मुलांना तानपुरा ऐकू येईनासा होतो, मग त्यांचा सूर उतरतो. झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' चालू केल्यावरच तो परत येतो. पालकांना हे मी दर सत्रात सांगते. कॅसेटमधली सरसर काढतानाही हीच भीती आहे. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं वेगळं ठेवा, साफसफाई प्रतीवर करा.

---

प्रेषक: सांस्कृतिक चिटणीस, स्लाऊ

परवानगीचंच होतं. दोन चॅनलही झाले. मग एक घरघर आली, खालच्या पट्टीतली, सलग. रात्री साडेअकराला लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती थांबली! आता चार्जर न लावताच एकेक बाजू उतरवते.

आणखी एक शिकले. पहिल्या कॅसेटचा आवाज उशीत तोंड खुपसून गायल्यासारखा येत होता. काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे हेडच्या शेजारचा बारका स्क्रू अगदी केसभर फिरवला. झांजा एकदम उजळल्या. काका म्हणाले, बाबांच्या डेकच्या हेडचा कोन आणि या डेकचा कोन वेगळा होता. आता प्रत्येक कॅसेटला आधी तेवढं जुळवते.

सात झाल्या. प्रत्येक सी-९० ची साधारण ९५० एमबीची वेव्ह फाइल होते, म्हणजे सगळ्या मिळून ४० जीबीच्या आत बसतील. एक प्रत माझ्याकडे, एक मंडळाच्या ड्राइव्हवर, एक रेडिंगला काकांकडे.

आता मदत हवी आहे. १९८८ च्या कोजागिरीच्या कॅसेटवर, ब बाजूला, सुमारे बारा मिनिटांनी एक मुलगी अभंग म्हणते. दहा-अकरा वर्षांची असावी. तिसऱ्या कडव्यात अडखळते, मागून कुणीतरी बाई हळूच शब्द सांगतात, आणि ती पुन्हा सुरात धरते. खोक्यावर बाबांनी लिहिलंय: "नाव विचारायचं राहिलं."

तो तुकडा ड्राइव्हवर 'कोजागिरी-८८-ब' या नावाने ठेवला आहे. त्या वर्षी जे जे होते त्यांनी कृपया ऐका. मुलीचं नाव मिळालं तर हवंच आहे, आणि त्या शब्द सांगणाऱ्या बाईंचंही.