रि: रि: पायऱ्यांवरच्या फुटक्या पणत्या फेकू नका!!

प्रेषक: सजावट समिती

मंडळी, हॉल साफ करायला उद्या माणूस येतोय. मागच्या खोलीतली तीन खोकी कचरा नाहीत, त्यांना हात लावू देऊ नका. एकात पणत्यांचे तुकडे, दुसऱ्यात कंदिलाच्या कामट्या आणि फाटका कागद, तिसऱ्यात किल्ल्याचं जे उरलंय ते. ज्यांनी कोणी दिवाळीच्या त्या रात्री पायऱ्यांवर नाचून आपली सजावट फोडली त्यांच्यावर पुरेसं बोलून झालंय, तो धागा परत उघडू नये.

ठरल्याप्रमाणे सगळं प्लायवर जडवून स्नेहसंमेलनाला स्टेजमागे लावायचंय. अडचण एकच. पणत्यांचे तुकडे चिकटत नाहीत. पांढरा गोंद, ग्लू गन, दोन्ही झालं. रात्री लावले की सकाळी खाली. पणत्या तेल प्यायल्यात. कोणाला उपाय माहीत असेल तर आजच सांगा.

प्रेषक: खजिनदार

विम्याच्या माणसाने फोटो मागितलेत ते निघाले का? फोटो निघेपर्यंत एकही तुकडा चिकटवू नये. प्लायची पावती हॉलच्या नावाने नको, मंडळाच्या नावाने घ्या. गेल्या वर्षी काय झालं ते आठवत असेलच.

प्रेषक: किल्लेवाले काका

तिसऱ्या खोक्यातली माती माझी आहे, ती प्लायवर जाणार नाही. बुरूज गेले तरी मावळे बरेच शाबूत आहेत. खरं सांगू का, लहानपणी दिवाळी संपली की किल्ला आम्हीच फोडायचो, आणि तो कार्यक्रम बांधण्यापेक्षा जास्त रंगायचा. पण आपला आपण फोडणं वेगळं.

गोंदाबद्दल: आमच्या आजीने हे होऊच दिलं नसतं. नव्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग वाळवून वापरायच्या. मातीने पोटभर पाणी पिऊन घेतलं की ती तेल कमी पिते. या वर्षी भिजवल्या का कोणी?

प्रेषक: पणत्या-रंगकाम गट

भिजवल्या नाहीत, कारण पणत्या आमच्या हातात आदल्या संध्याकाळी पडल्या. आणि भिजवल्या असत्या तर वर रंग बसला नसता. खरेदी आमच्याकडे नव्हती, एवढंच नोंदवते.

प्रेषक: केमिस्ट वहिनी

भिजवण्याचं आता राहू द्या. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, गोंद त्यात शिरून धरतो. छिद्रं आधीच तेलाने भरली तर गोंद नुसता वर बसतो आणि सालासारखा निघतो. गोंद बदलून काही होणार नाही, तेल काढावं लागेल.

खूप गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून तुकडे रात्रभर बुडवा, पाणी बदलून पुन्हा एकदा. हातमोजे घाला, सोडा हाताला झोंबतो आणि कडा धारदार आहेत. वातीजवळचा काळा चिकट थर याने जाणार नाही. तेल तापून तापून तिथे रोगणासारखं झालंय. तो पॉलिशपेपरने घासा, नाहीतर तसाच दिसू द्या. मला तो आवडतो. तरीही तेल झिरपत राहिलं तर मुलतानी मातीचा जाड लेप देऊन वाळू द्या, ती तेल ओढून घेते.

धुतलं की पूर्ण वाळवा, मग तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. शोषला गेला तर चिकटवायला घ्या. मण्यासारखा वर बसला तर परत बादलीत.

प्रेषक: नाट्यशाखा

एवढं कशाला? ओव्हनमध्ये भाजून काढा, तेल जळून जाईल.

प्रेषक: स्वयंपाकघर

हॉलचा ओव्हन मिळणार नाही. धूर होतो, आणि कोजागिरीला अलार्म वाजून सगळे बाहेर थंडीत उभे होतो ते विसरले का?

प्रेषक: नाट्यशाखा

अलार्म कोजागिरीला नव्हे, पाडव्याला वाजला. आणि तो आमच्या धुराच्या यंत्रामुळे नव्हता.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

मी जुन्या विचाराची आहे असं म्हणाल, म्हणा. फुटकी पणती स्टेजवर, मुलांच्या नाचामागे? आमच्यात तडा गेलेली पणतीही लावत नाहीत.

प्रेषक: सजावट समिती

मावशी, लावत नाही आहोत, जडवतोय. चंडीगडचं रॉक गार्डन आठवा. नेकचंद सरकारी रस्ते निरीक्षक होते. १९५७ पासून लपूनछपून त्यांनी फुटक्या बांगड्या, फुटकी भांडी, विजेचं भंगार जोडून माणसं, पक्षी, प्राणी घडवले. ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पुढे १९९६ मध्ये ते परदेशी गेले असताना त्याच बागेची तोडफोड झाली, ती काही बंद पडली नाही. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला तो लांब वळणदार बाकसुद्धा फुटक्या फरश्यांचाच. आपलं प्लाय म्हणजे त्यापुढे काहीच नाही, पण कल्पना तीच.

प्रेषक: किल्लेवाले काका

वरच्या सगळ्या गोष्टींत तुकडे सिमेंटात रुतवलेत, गोंदाने चिकटवलेले नाहीत. सिमेंटाची पकड तुकड्याच्या कडांनाही बसते. आपणही तेच करावं.

प्रेषक: केमिस्ट वहिनी

आणि तो सिमेंटचा फळा उचलणार कोण, काका? तुमची पाठ? शिवाय तेल असेल तर सिमेंटही नीट धरत नाही. तुकडे धुतलेच पाहिजेत. फळा हॉलच्या बाहेर मात्र ठेवू नका. छिद्रांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, एका हिवाळ्यात माती पापुद्रे सोडेल.

प्रेषक: कंदीलवाले

आमच्याकडे कोणी बघतच नाही म्हणून सांगतो. तुटक्या कामट्या दोऱ्याने बांधून फळ्यावर अर्धा कंदील उभा करतोय, फाटका कागद फाटका ठेवूनच. मागून प्रकाश टाकला की फाटलेल्या जागाच उठून दिसतात, पाहून घ्या. सेलवरची माळ घेतली आहे. कापलेली विजेची माळ कोणीही टेपने जोडून लावायची नाही, ती मी घरी नेली आहे.

प्रेषक: खजिनदार

फोटो???

प्रेषक: सजावट समिती

काढले, पाठवले. शनिवारी दुपारी धुलाई. थेंबाची चाचणी मुलांकडे देऊ, त्यांना मजा येईल. काका, मावळे फळ्याच्या खालच्या कडेला उभे करायचे का? माती तुमचीच राहील.

प्रेषक: किल्लेवाले काका

शिवाजीमहाराज मध्ये, मावळे दोन्ही बाजूंना. चिकटवायचे नाहीत, नुसते उभे.

प्रेषक: स्वयंपाकघर

गरम पाणी मिळेल. बादल्या आपापल्या आणा, मोठं पातेलं सोड्याला देणार नाही. ओव्हनची किल्ली शनिवारी माझ्याकडे असेल.