चावीतला सेल संपला आणि हँडल आठवलं

काल पाऊण तास स्वतःच्याच गाडीबाहेर उभा होतो. चावीतला सेल गेला होता. चावी म्हणजे तरी काय, गुळगुळीत काळा डबा, दात नाहीत की काही नाही. गाडी मला ओळखेचना. शेवटी लेकीने मोबाईलवर शोधून सांगितलं की त्या डब्याच्या पोटात एक छोटी खरी किल्ली दडवलेली असते. ती काढली, दार उघडलं, तर गाडीने चोर शिरला म्हणून बोंब ठोकली. आजूबाजूचे लोक बघतायत, मी हात जोडून हसतोय.

तेव्हा बाबांच्या गाडीची किल्ली आठवली. इतकी झिजली होती की गाडी चालू ठेवून काढून खिशात टाकता यायची. गाडीला फरक पडायचा नाही. कपाटाच्या किल्लीनेही ती सुरू व्हायची, हे आम्हा भावंडांचं गुपित.

सकाळी बाबांचा विधी असे. चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा (तिसऱ्यांदा दाबला की ओव्हर झाली, मग दहा मिनिटं बॉनेट उघडून पेट्रोल उडायची वाट बघत बसा), आणि स्टार्टर. बॅटरी रुसली असेल तर सीटखालचं हँडल, म्हणजे पुढून घालून इंजिन हाताने फिरवायचा वाकडा दांडा. हँडल मारायला मला नववीत शिकवलं. पहिला धडा ताकदीचा नव्हता, अंगठ्याचा होता. अंगठा हँडलला वेढा घालून धरायचा नाही, बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. टायमिंग पुढे असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटं झटका मारतं, आणि मधे अंगठा असला तर तो गेलाच. हे सांगताना बाबा स्वतःचं मनगट चोळायचे, त्यामुळे कारण विचारायची गरज पडली नाही. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर गाडीत बसवला, त्याने जगभरातली किती मनगटं वाचली असतील देव जाणे.

तुमच्याकडच्या आठवणी लिहा. जुनं बरं की नवं यावर भांडलात तरी चालेल.

तिसरागिअर
चालू गाडीतून किल्ली काढून खिशात!! आमची पण!! मला वाटायचं ती सोय आहे.

सावलीतपार्क
माझ्या आईला गाडी चालवता यायची नाही. पण कोपऱ्यावर गाडी वळली की घरातूनच म्हणायची, "आज तीनवर आलेत." म्हणजे चौथा सिलिंडर बंद. बाबा आत येऊन सांगायचे, प्लग गेलाय वाटतं. आई म्हणायची, माहितीये, हात धुवा.
आता माझी गाडी दारात कधी येते ते कुत्र्यालाही कळत नाही.

ग्रीसबोटे
३१ वर्षं गाड्या दुरुस्तीचंच काम करतोय म्हणून थोडं कडू लिहितो. "जुन्या गाड्या कधी बंद पडत नव्हत्या" असं म्हणणाऱ्या माणसाच्या डिकीत काय काय असायचं ते आठवा. जादा फॅन बेल्ट, पॉइंटचा सेट (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन तुकडे), कंडेन्सर, प्लगपाना, पॉलिश पेपर, पाण्याचा कॅन, दोरी. बंद पडत नव्हती तर हे सगळं कुणाच्या लग्नात वाटायला नेत होतात?

पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर. फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) नसेल तर कार्डाचा तुकडा घालून लावायचो. गाडी चालायची. पण काही हजार किलोमीटर झाले की पॉइंट जळायचे, परत तेच. आता चांगले इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर काढतात. जुन्या गाडीचं मीटर पाच आकडी होतं, ९९,९९९ नंतर शून्य. लाखाच्या पुढे ती जाईल अशी बनवणाऱ्याचीच फारशी अपेक्षा नव्हती.

जुनंतेसोनं_पत्रातेलोखंड
काका तुम्ही आमच्याच बाजूचे असाल असं वाटलं होतं 😭

ग्रीसबोटे
बाजूचाच आहे. स्वतःकडे दोन जुन्या आहेत. म्हणून तर दोन ठेवल्यात, एक आणायला जाते.

मागचीसीट
बाळ झोपलंय तेवढ्यात लिहिते. मला इंजिनातलं काही कळत नाही. मला रेक्झिनची सीट आठवते. उन्हात उभी गाडी, फ्रॉक घालून बसलं की मांड्या चिकटायच्या आणि उतरताना चर्रकन आवाज. पुढच्या दाराला ती तिकोनी काच असायची ना, ती फिरवली की वारा थेट तोंडावर. एसीपेक्षा ती काच बरी. ती का काढली कुणी सांगेल का? उठलं बाळ. जाते

सहाव्होल्ट
फोक्सवॅगन बीटलचे किस्से कुणीच कसे सांगत नाहीये? सुरुवातीच्या बीटलला पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी आचके द्यायला लागली की पायाने खालचा नळ फिरवायचा, राखीव पेट्रोल सुरू. आणि गेल्या वेळचा नळ परत फिरवायचा राहून गेला असेल तर राखीव आधीच संपलेलं. मग चाला. काटा आला १९६० नंतर. आणि काच धुवायचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडायचं! म्हणजे काच जास्त धुतली की स्टेपनी बसली.

तिसरागिअर
खोटं

सहाव्होल्ट
आईशप्पथ. बघून घे.

ग्रीसबोटे
खरं आहे, पण स्टेपनी बसायची नाही. मधे व्हॉल्व्ह असायचा. ठरावीक दाबाच्या खाली हवा घ्यायचा नाही. स्टेपनी बसलेली असायची ती मालकाने वर्षभर हवा भरली नाही म्हणून.

दोनघोडे
सिट्रोएन टू सीव्हीच्या वायपरपुढे हे काहीच नाही. पहिल्या गाड्यांमध्ये वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचा. गाडी जोरात तर वायपर जोरात. गाडी थांबली की वायपर थांबला. मुसळधार पावसात सिग्नलला उभे राहिलात की हाताने मूठ फिरवायची. कल्पना करा, पाऊस वाढला म्हणून तुम्ही वेग वाढवताय.

सावलीतपार्क
"पाऊस वाढला म्हणून वेग वाढवताय" 🤣🤣 ऑफिसात हसले जोरात

टाकेघालणारी
हसण्याचा धागा आहे, तरी लिहिते. मी अपघात विभागात काम केलंय. आमच्या काकांच्या जुन्या गाडीचं सगळ्यांना कौतुक, पत्रा किती जाड, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. ती गाडी झाडावर आदळली. गाडीला पोचा आला. काकांच्या छातीत स्टिअरिंग घुसलं, कारण त्या स्टिअरिंगचा दांडा सरळ पुढपर्यंत एकसंध होता, दबणारा नव्हता. काका वाचले, पण पुढे जिना चढताना कायम मधे थांबायचे.

२००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मलिबू समोरासमोर आदळवल्या, ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास वेगाने. व्हिडिओ आहे, बघा. मोठी, जाड, जुनी बेल एअर आतल्या पुतळ्यासकट चेचली गेली. मलिबूचं नाक चुरगळलं, आतली जागा जवळपास तशीच राहिली. नवीन गाडीचं पुढचं अंग चुरगळतं ते पत्रा पातळ म्हणून नाही. तिथे चुरगळावं म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं, धक्का तिथे जिरतो. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. बेल एअरच्याच वयाचा पट्टा.

जुनंतेसोनं_पत्रातेलोखंड
ताई, हे वाचून नाव बदलावं की काय असं वाटलं. काकांबद्दल वाईट वाटलं. मी माझ्या जुन्या गाडीत पट्टे बसवून घेतलेत, मागच्या सीटला पण. रविवारीच काढतो, हळू चालवतो.

टाकेघालणारी
नाव ठेवा. पट्टे बसवलेत ना, बास.

तीनपेडल
मला एकदा एका संग्राहकाने फोर्ड मॉडेल टी चालवायला दिली होती. "गाडी येते ना?" म्हणाले. मी म्हटलं, वीस वर्षं चालवतोय. बसलो. खाली तीन पेडल. अ‍ॅक्सिलरेटर त्यात नाहीच, तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर. डावं पेडल पूर्ण दाबलं की गाडी हळूच्या गिअरमध्ये पुढे जाते, सोडलं की वेगाच्या गिअरमध्ये. उजवं ब्रेक. मधलं रिव्हर्स! वीस वर्षांची सवय पायात, समोर कुंपण आलं, घाबरून डावं पेडल क्लच समजून गच्च दाबलं. गाडी आणखी जोर लावून पुढे. मालक शेजारी बसून शांतपणे म्हणाले, "आता उजवं."
१९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी माणसांनी ही गाडी घेतली आणि चालवली. मला चाळीस फूट जमली नाही.

अजून एक. टाकीतून पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरायचं, पंप नाही. चढ खडा असेल आणि टाकीत कमी असेल तर इंजिनापर्यंत पोचायचं नाही. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

दोनघोडे
पेट्रोलपंपापर्यंत रिव्हर्समध्ये. वा.

इंजिनबंद
मी विजेची गाडी घेतली, त्यामुळे मला इथे प्रवेश आहे का? 🙈 शांत आहे, मस्त आहे, पण मित्राने आवाज ऐकायला बॉनेट उघडायला सांगितलं आणि आत बॅग ठेवायची जागा निघाली. तो अजून त्या धक्क्यात आहे.

तीनपेडल
या या. तुमची गाडी आमच्यापेक्षा जुन्या घराण्यातली. मॉडेल टी विकणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. हँडल नको, धूर नको.

तिसरागिअर
घरची गाडी सोडून 😂 बाईमाणूस म्हणून दिली असेल सोपी गाडी

पिनवाली
बाईमाणूस?? बसा, गोष्ट सांगते. १८८८. बर्था बेंझ. नवऱ्याने मोटार बनवली पण ती लांबच्या प्रवासाला काढायचं धाडस त्याला होईना. ही त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर. एवढं लांब तोवर कुणीही मोटारीने गेलं नव्हतं. इंधनाची नळी तुंबली, टोपीच्या पिनेने साफ केली. वायरचं आवरण झिजलं, पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं, विस्लोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन (डाग काढायचं, पेट्रोलसारखं द्रव्य) घेतलं. ग्रीसबोटे काकांच्या डिकीत जेवढं सामान होतं ना, तेवढं तिच्या अंगावर होतं.

तिसरागिअर
माफी असावी. मला हँडल मारता येत नाही हे पण कबूल करतो.

धुकंकाच
मूळ विषयाकडे. माझ्या गाडीत काचेवरचं धुकं घालवायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. काचेवर धुकं, म्हणून पडद्याकडे बघायचं, म्हणून रस्त्याकडे बघायचं नाही. आजोबांच्या गाडीत एक खुंटी होती. अंधारात हात जायचा. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यावरही गाडीच्या आतलं सगळं दिसायचं, बोटांना.

इंजिनबंद
माझ्या गाडीत हातमोजे ठेवायचा कप्पा पण पडद्यावरून उघडतो. गंमत नाही.

ग्रीसबोटे
बटणं परत येतायत. युरोपातल्या सुरक्षा चाचणीत, युरो एनकॅपमध्ये, २०२६ पासून हॉर्न, इंडिकेटर, वायपर असल्या कामांना खरं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापतात.

बाकी स्कॅनरबद्दल पण सांगतो. लोकांना वाटतं लॅपटॉप लावला की बिघाड कळतो. लॅपटॉप सांगतो ऑक्सिजन सेन्सर चुकीचं दाखवतोय. सेन्सर बदलला, परत तेच. परत बदलला, परत तेच. मालक चिडलेला, मी चिडलेलो. शेवटी खाली आडवा झालो, उंदराने वायर कुरतडलेली. जुन्या गाडीत पण उंदीर शिरायचे. पण तिथे त्यांना खायला वायरच चार होत्या.

मागचीसीट
बाळ परत झोपलं. काचेचं कुणीच सांगितलं नाही 😐

ग्रीसबोटे
पाणी झिरपायचं, वाऱ्याचा आवाज यायचा, आणि चोर तिथूनच हात घालायचे. एसी आला आणि ती गेली.

मागचीसीट
चोर. हं. आमच्याकडे बाबाच तिथून हात घालायचे, किल्ली आत राहिली की. थँक्यू काका

सहाव्होल्ट
अवांतर: सहा व्होल्टचे हेडलाइट बल्ब अजून कुठे मिळतात का? माझे इतके मंद आहेत की समोरचा माणूस मला दिवा दाखवतो.

जुनंतेसोनं_पत्रातेलोखंड
बल्बचा दोष नसेल. अर्थिंग, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा, नीट साफ कर आधी. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, थोडा गंज आला तरी उजेड निम्मा. पत्र्यापर्यंत घासून घे.

सहाव्होल्ट
रविवारी घासतो. बारा व्होल्ट करून टाक असं सगळे सांगतात.

जुनंतेसोनं_पत्रातेलोखंड
मग नाव काय ठेवशील

(धागाकर्ता) सगळं वाचलं, दोनदा. सेल बदलला, गाडीने मला परत ओळखलं. काल रात्री माळा काढला तर बाबांचं हँडल सापडलं. गाडी जाऊन पंचवीस वर्षं झाली, हँडल कुणी आणि का ठेवलं माहीत नाही. लेकीला हातात दिलं, म्हटलं धर बघू कसं धरशील. तिने अंगठा वेढा घालूनच धरला.

ग्रीसबोटे
सुधारलात ना?

(धागाकर्ता) लगेच. मनगट चोळत.