मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेचा केडी नं. 5 कपलर, नकलची स्प्रिंग उडते आणि कपलर मधोमध परत येत नाही

रूळजोड:
एचओ (1:87) मापाच्या मालडब्यांना केडी कंपनीचे नं. 5 कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) बसवतोय. तीन अडचणी आहेत.
1) नकलची (कपलरच्या उघडमीट होणाऱ्या बोटाची) बारीक स्प्रिंग निघाली की परत बसवताना चिमट्यातून उडते.
2) कपलर ज्यात बसतो त्या बॉक्सचं झाकण लावल्यावर कपलर एका बाजूला ढकलला की तिथेच राहतो.
3) सांध्यावरून (रूळ बदलतात तिथून) जाताना एक डबा नेमाने घसरतो.
हाइट गेज (कपलरची उंची तपासायचं साधन) नाही. विकत घ्यावाच लागेल का?

सांधेवाला:
स्प्रिंगला चिमटा लावूच नका. दाबली गेली की ती सुटणारच. बारीक कटरचं टोक स्प्रिंगच्या एका टोकाजवळच्या दोन वेढ्यांमध्ये अडकवा. दुसरं टोक आधी एका खुंटीवर बसवा, पात्याने दाबून स्प्रिंग आखूड करा, मोकळं टोक समोरच्या खुंटीवर आणा आणि पातं हळूच फिरवून काढा. त्याआधी स्प्रिंगमधून शिवणाचा दोरा ओवून ठेवा, म्हणजे उडाली तरी दोऱ्यावरच राहील. दोरा शेवटी ओढून घ्यायचा. हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ताणली गेलेली स्प्रिंग सरळ करत बसू नका, नकल पूर्ण मिटणार नाही. सुटी स्प्रिंग नं. 622 या नावाने मिळते.

दुसऱ्या अडचणीत आधी बॉक्स उघडून पाहा. पितळी रंगाची चपटी स्प्रिंग तळाशी, तिचे दोन्ही कान वर, कानांच्या मध्ये कपलरची दांडी आणि ट्रिप पिन (कपलरखालची वाकडी तार) रुळाकडे, अशी रचना हवी. ती बरोबर असेल तर दांडीवर ओतकामाची धार राहिली आहे का ते बघा आणि बारीक कानशीने काढा. तेल नको, त्यावर धूळ बसून कपलर आणखी अडकतो. कोरडी ग्राफाइट पूड चिमूटभर पुरते.

एमटूवाला:
स्क्रू किती आवळलाय? झाकण वाकलं की दांडी दाबली जाते, आणि बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. मूळ स्क्रू 2-56 मापाचा. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, पण एम2 चालतो, थोडा सैल बसतो इतकंच. त्यासाठी 1.6 मिमी भोक पाडून आटे पाडा. घट्ट झाला की पाव फेरा मागे घ्या.
चपट्या स्प्रिंगचा वैताग आला असेल तर नं. 148 घ्या. त्याच्या दांडीलाच मिशांसारख्या तारा असतात आणि तो याच बॉक्समध्ये बसतो.

सांधेवाला:
तिसऱ्या अडचणीत संशय ट्रिप पिनवर. ती खाली लोंबत असेल तर सांध्याच्या फ्रॉगला (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) किंवा गार्ड रेलला (चाक वाटेवर ठेवणारा आतला रूळ) अडकते आणि डबा उचलला जातो. पिन वाकवायच्या आधी कपलरची उंची पाहा. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत 9.9 मिमी हवी. कपलर खाली असेल तर बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि डब्याच्या मध्ये वॉशर घाला (0.25 आणि 0.38 मिमी जाडीचे मिळतात), वर असेल तर बॉक्स आणि डब्याच्या तळामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी. पिन सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर पिन दोनदा वाकवावी लागते.
गेज घ्याच. पट्टीने मोजताना एखादा मिलिमीटर सहज चुकतो, आणि तेवढ्यात कपलर एकमेकांवरून सरकून गाडी मध्येच तुटते.

रूळजोड:
झाकण वाकलेलंच होतं. पाव फेरा सैल केल्यावर कपलर मधोमध येतोय. घसरणाऱ्या डब्याचा कपलर दुसऱ्या डब्याशेजारी धरला तर खाली दिसतोय. 0.38 चा एक वॉशर फक्त एकाच बोगीवर घातला तर चालेल का?

एमटूवाला:
तेवढ्याने डबा तिरका होईल. दोन्ही बोग्यांवर घाला, मग दोन्ही टोकं गेजवर परत तपासा.