मदत हवी आहे: माझ्या अंत्ययात्रेला कोणतं संगीत लावावं?

नमस्कार मंडळी, मी गिरगावात राहते, वय ६४, तब्येत चांगली आहे, काळजी करू नका. पण दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले तेव्हा चंदनवाडीच्या स्मशानात सगळं इतक्या घाईत उरकलं, मागून कोणाच्या तरी मोबाईलवर रिंगटोन वाजत होती, आणि ज्या माणसाने आयुष्यभर किशोरीताई आमोणकर आणि कुमार गंधर्व ऐकले त्याला जाताना एक सूरसुद्धा मिळाला नाही, ते मला अजून टोचतंय. म्हणून माझं मी आत्ताच लिहून ठेवणार आहे.

माझ्या मनात भैरवी आहे, मैफल संपवायला तीच गातात ना. पण गायन लावावं की नुसती बासरी? शब्द आले की मुलगी रडून कोसळेल असं वाटतं. दुसरीकडे तुकोबांचं 'आम्ही जातो आपुल्या गावा' सोडवतही नाही, आईला नेताना चाळीतल्या भजनी मंडळाने टाळ-मृदंगावर तेच म्हटलं होतं.

आणखी एक, स्मशानात छोटा ब्लूटूथ स्पीकर लावू देतात का? तिथे वेळ कमी मिळतो, म्हणून घरीच, उचलायच्या आधी दहा मिनिटं लावलं तर बरं का? कोणी आपल्या माणसासाठी असं केलं असेल तर प्लीज सांगा. मुलगा विषय काढला की उठूनच जातो, त्याला कसं सांगू तेही सांगा.