अर्नाळकर नक्कल आणि ख्रिस्ती अस्सल?

मल्हारगंजकर
काल इथं एकानं लिहिलं की बाबूराव अर्नाळकर म्हणजे इंग्रजीवरून केलेली उचलेगिरी, घरात असतील ती पुस्तकं रद्दीत घाला आणि मुलांच्या हाती थेट अगाथा ख्रिस्ती द्या. वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो.

उचलेगिरी कुणी केली नाही? एडगर अ‍ॅलन पोचा गुप्तहेर द्यूपँ १८४१ सालचा. शेरलॉक होम्स आला १८८७ साली. तोच तऱ्हेवाईक हुशार माणूस, तोच त्याच्या करामती सांगणारा मित्र. वर पहिल्याच कादंबरीत होम्स त्या द्यूपँला कमअस्सल ठरवतो! होम्स लिहिणाऱ्या डॉइलला कुणी चोर म्हणत नाही. हजारावर रहस्यकथा लिहिणारे अर्नाळकर तेवढे चोर?

माझी काकू लग्न होऊन सांगलीहून इंदूरच्या रामबागेत आली. घरातले पुरुष कचेरीत हिंदी बोलणारे, शेजार माळवी. दुपारची कामं उरकली की ती अर्नाळकरांच्या नायकांचं, झुंजारचं नाहीतर काळापहाडचं, पुस्तक घेऊन बसायची. सासरे नाक मुरडायचे, पण इंदुरात तिचं मराठी वाचन टिकलं ते त्याच पुस्तकांनी. ती रद्दीत घाला म्हणणाऱ्याला मी उत्तर देणारच.

देवासनाका
कालचं मीच लिहिलं होतं आणि एक शब्दही मागे घेत नाही. काकूंबद्दल आदर आहे, पण काकू हा साहित्याचा निकष नव्हे.

मुद्दा नकलेपेक्षा कसबाचा आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले: गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे, जुळा भाऊ ऐनवेळी उपटता कामा नये, गुप्तहेराला योगायोगानं मदत होता कामा नये. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होती, म्हणून तिच्या कथेतलं विष खऱ्या विषासारखं काम करतं. आपल्याकडे काय? वेषांतर, तळघर, दोरीनं बांधलेली तरुणी आणि शेवटच्या दोन पानांत नायकाला आधीपासून सगळं ठाऊक! हा वाचकाला मूर्ख समजण्याचा प्रकार आहे.

ख्रिस्तीचा गुप्तहेर पायरो १९७५ साली संपला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर त्याची मृत्युवार्ता छापली. काल्पनिक माणसाची! पात्र उभं करणं याला म्हणतात.

खजुरीबाजार
तुम्ही दोघंही मुंबई नाहीतर लंडनकडे तोंड करून बसला आहात. इंदूरच्या किती मराठी घरांत पोरांनी अर्नाळकर वाचला? माझ्या पिढीनं उर्दू रहस्यकथाकार इब्ने सफी वाचला, भाड्यानं आणलेल्या, पानं सुटलेल्या प्रतींत. इलाहाबादहून त्याची ‘जासूसी दुनिया’ ही मालिका १९५२ पासून निघायची. उर्दूतला त्याचा नायक फरीदी हिंदीत ‘विनोद’ या नावानं आला, इमरान ‘राजेश’ या नावानं. नावं बदलली म्हणून आमची मजा कमी झाली नाही. पण हिंदी वाचलं असं मराठी मंडळात सांगायची लाज! ही लाज आधी सोडा, मग नक्कल आणि अस्सल ठरवा.

सुदामानगरची माई
अहो, कुठला पायरो आणि कुठला राजेश! आपल्या गावाशी जोडलेलं प्रकरण विसरलात? १२ जानेवारी १९२५, मुंबईत मलबार हिल. इंदूर दरबारातून निघून गेलेली नर्तकी मुमताज आणि तिला आसरा देणारा व्यापारी अब्दुल कादर बावला मोटारीतून चालले होते. दुसऱ्या मोटारीतून आलेल्यांनी बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथं पोचले म्हणून ती वाचली. नॉक्ससाहेबांच्या नियमात हा योगायोग बसत नाही, पण घडला. त्याच वर्षी त्यावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट निघाला.

माझ्या आजीसमोर मुमताजचं नाव काढायची सोय नव्हती. लगेच उठून आत जायची.

माणिकबाग
माई, मोठ्या आहात म्हणून सबुरीनं लिहितो. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्या हल्ल्याचा हुकूम दिला हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. इंग्रजांना संस्थानिकांना नमवायला निमित्त हवंच होतं. आमचे पणजोबा होळकर दरबारात कारकून. महाराजांनी त्यांच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे दिले होते. गावाचा राजा असा चव्हाट्यावर आणू नका.

सुदामानगरची माई
चव्हाट्यावर मी आणलं? मुंबईच्या न्यायालयात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली. इंदूरच्या सरदार आनंदराव फणसेंचं वकीलपत्र जिनांनी घेतलं होतं. चौकशीला सामोरं जायचं की गादी सोडायची असा पेच आला, तेव्हा महाराजांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. निर्दोष माणूस चौकशीला का भितो?

माणिकबाग
इंग्रजांच्या चौकशीवर तुमचा एवढा विश्वास? कमाल आहे.

सुदामानगरची माई
माझा विश्वास त्या बाईवर आहे. आपल्या तान्ह्या मुलीला दायांनी मारलं, म्हणून इंदुरात राहायचं नव्हतं, असं तिनं साक्षीत सांगितलं. तुमच्या पणजोबांना पैसे मिळाले, तिला काय मिळालं? शंभर वर्षं झाली तरी आपण राजाची अब्रू राखतोय.

खजुरीबाजार
माईंशी सहमत. माणिकबागवाले, दरबाराचं मीठ तुमच्या पणजोबांनी खाल्लं, तुम्ही नाही.

माणिकबाग
पणजोबांपर्यंत जायचं काम नाही. गादी सोडली ती संस्थान वाचावं म्हणून, असंच आमच्या घरी सांगतात आणि मी तेच मानतो. मुलीचं म्हणाल तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मल्हारगंजकर
इथली चर्चा रहस्यकथेची होती! देवासनाका, धागेदोऱ्यांचा हिशेब अर्नाळकरांकडे कच्चा, हे मान्य करतो. मनापासून नाही, पण करतो. मात्र त्यांचं पुस्तक कोडं म्हणून वाचायचंच नसतं. ते साहस आहे. झुंजार सुटणार हे ठाऊक असतं, कसा सुटतो यासाठी पान उलटतं. आणि पहिल्या पानाचं म्हणाल तर वर्तमानपत्र त्यांचं, पात्र त्यांचं, वाचक त्यांचे. आमच्या झुंजारची बातमी तिथं कोण छापणार होतं?

देवासनाका
साहस म्हणून वाचा, हरकत नाही. मग त्यावर ‘रहस्यकथा’ असं छापू नका. रद्दीचा शब्द जरा जास्त कडक होता, एवढंच म्हणेन. माझ्या मुलीला मात्र मी आधी ख्रिस्तीच देणार.

मल्हारगंजकर
द्या. मराठी अनुवादात द्या. आणि तो इंदुरात कुठं मिळतो ते इथं लिहा. मी माझ्या नातवासाठी शोधतोय, दुकानदार मराठी म्हटलं की पंचांग पुढे करतो.